मी अजून निघालेलीच नाही

चि. धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद. (आपण बोलत नव्हतो त्या सगळ्या वर्षांचेही यातच धर. मी ते दरवर्षी काढून बाजूला ठेवत होते, फक्त पाठवत नव्हते.) तुझी आणि भावोजींची तब्येत बरी असेलच. भावोजींची पाठ, तुझं पित्त, दोन्ही आपापल्या जागी असोत. मी इकडे बरी आहे. हे वाक्य पत्रात सगळेच लिहितात आणि कोणी वाचत नाही, पण या खेपेला ते नीट वाच. मी इकडे आहे. मागच्या आठवड्यातही इकडेच होते. तुझ्याकडे मी आले नव्हते.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण त्या दिवशी फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. (माझ्या. मांडून ठेव कुठेतरी.) शिवाय फोनवर बोलते ती मीच कशावरून, हा प्रश्न आता तुलाही पडला पाहिजे. अक्षर तरी माझं आहे. कॉन्व्हेंटात सिस्टरनी पट्टी मारून मारून वळवलेलं अक्षर सहसा कोणाला उचलता येत नाही, असा माझा परवापर्यंत समज होता.

मुळापासून सांगते. गेल्या वर्षी भावोजींनी ते कागद पाठवले. सोबत तुझी चिठ्ठी नव्हती, पण टाचणी तिरकी टोचलेली होती, म्हणजे पाकीट तूच भरलं होतंस. ‘विश्वासू प्रवासी’ योजनेचे कागद. एकदा नोंदणी करायची, चौकशीला सामोरं जायचं, बोटं आणि चेहरा त्यांच्या हवाली करायचा, की पुढे परदेशी जातायेता रांग नाही, प्रश्न नाहीत, फाटक आपलं आपण उघडतं. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेल्या बाईला हे म्हणजे टकल्याला कंगवा. खालच्या शेजारणीचं मत पडलं की सारखं उठून विमानात बसणाऱ्यांना ठीक आहे, आपण कुठे जातोय, आणि गेलोच तर रांगेत तेवढाच चार माणसांशी शब्द होतो. तिकिटं काढून देणारा म्हणाला, घ्याच, मावशी. (त्याचं काय, तो पुलावरून उडी मारणाऱ्यालाही परतीचं तिकीट विकेल.) मी दोघांचं ऐकून घेतलं आणि कागद उशाखाली ठेवले.

तरी नोंदणी केली, कारण ती रांग. आई गेली तेव्हा तुझं म्हणणं असं होतं की विमान इथे वेळेवर उतरलं, पण पासपोर्ट तपासायची रांगच हलेना. माझं म्हणणं असं होतं की ज्याला पोहोचायचं असतं तो रांगेतून पुढे घुसतो. मग तू दाराशी उभी असताना मी म्हटलं, “घाई नव्हती, आता आई कुठे जात नाही.” तू म्हणालीस, “तू तर इथेच होतीस, तू काय थांबवलंस?” दोन्ही वाक्यं उत्तम होती. छोटी, नेमकी, एक शब्द इकडचा तिकडे करायला नको. ती तोंडपाठ करून आपण दोघी आपापल्या घरी बसलो. तर योजनेचं कार्ड काढलं ते यायचं होतं म्हणून नव्हे. यायचं झालंच तर, म्हणून. आपल्यापैकी दुसरीही कोणी रांगेत अडकायला नको.

नोंदणीचं ऑफिस विमानतळाच्या तळघरात आहे. लांब बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं, आणि कुठेतरी पंखा फिरतोय असा आवाज, पण पंखा कुठेच नाही. शेवटच्या खोलीत एक साहेब. त्याला सर्दी झालेली, नाकाशी रुमाल, आणि रुमालातूनच सगळं बोलणं. मला जमिनीला ठोकलेल्या खुर्चीवर बसवलं. समोर एका दांड्यावर कॅमेरा होता. तो दांडा आपणहून खाली आला, माझ्या डोळ्यांसमोर येऊन थांबला आणि, तू हसशील, त्याने किंचित मान तिरकी केली. जत्रेत हरवलेलं पोर आपलंच का, हे बघताना बाई करते ना, तशी.

“हसू नका,” साहेब म्हणाला.

“मी कॉन्व्हेंटात शिकले आहे. आम्हाला सांगावं लागत नाही,” मी म्हटलं.

मग बोटं. माझी बोटं म्हणजे काय, तुला ठाऊक आहे. उभी हयात परीक्षा खात्यात ओल्या स्पंजावर बोट टेकवून उत्तरपत्रिका उलटल्या, त्यात बोटांवरच्या रेषा पार गुळगुळीत झाल्या. यंत्र काही केल्या ठसा घेईना. पुसून झालं, फुंकून झालं, साहेबाने स्वतः माझा अंगठा धरून दाबला (रुमालवाल्याच हाताने, मी घरी येऊन तीनदा साबण लावला). शेवटी कंटाळून मी हात मांडीवर ठेवला आणि तेवढ्यात यंत्रावर हिरवा दिवा लागला.

“झालं. घेतला ठसा.”

“अहो, हात माझ्या मांडीवर आहे.”

“यंत्राला पटलं ना, बाई? मग तुम्ही कशाला हरकत घेता?” आणि नाक शिंकरून त्याने अभिनंदन केलं. आता माझ्यावर पूर्ण विश्वास आहे, म्हणाला, यापुढे मला कुठेही कोणी बघणार नाही. मी म्हटलं, याला तुम्ही सोय म्हणता? तो म्हणाला, सगळे हेच मागायला येतात.

त्यानंतर मधे एक आठवडा असा गेला, की तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. (म्हातारपणी असे आठवडे येतात, तुझेही येतील.) फोन वाजला नाही. दारावरची बेल वाजली नाही. दूध आलं नाही, पेपर आला नाही. शेजारीण एरवी वाटीभर साखरेच्या निमित्ताने तासभर बसते, ती फिरकली नाही. आणि जिन्यातला दिवा. आमच्या जिन्यात पावलाची चाहूल लागली की आपोआप लागणारा दिवा बसवलाय. त्या आठवड्यात तो माझ्यासाठी लागला नाही. अंधारात कठडा चाचपत चढले, उतरले, आणि शेवटी बल्ब गेला अशी खरमरीत तक्रार लिहून फळ्यावर लावायला निघाले. फळ्याशी मी टाचणी शोधत अंधारात उभी, एवढ्यात शेजारणीचं मांजर माझ्या मागून गेलं आणि दिवा लख्ख लागला. मांजर दिसेनासं झालं, दिवा विझला. मी तिथे तशीच उभी. मी मुद्दाम पाय आपटून पाहिले. खोकले. कधी नव्हे ते टाळ्या वाजवल्या. मग तक्रार परत घेऊन वर गेले, कारण बल्ब गेलेला नव्हता आणि काय गेलंय ते लिहायला त्या फळ्यावर जागा पुरली नसती.

त्याच आठवड्यात माझी राखाडी शाल सापडेना. मी धोब्याला धुतला.

आणि मग तुझा फोन. इतक्या वर्षांनी तुझा आवाज, आणि तोही असा, जणू काल रात्रीच बोलणं झालंय. “ताई, पोहोचलीस ना गं नीट? आणि शाल विसरून गेलीस की.” मी दुधाचं भांडं हातात घेऊन उभी. (दूध पुन्हा सुरू झालं होतं. दूधवाल्याला विचारलं तर म्हणतो, “तुम्हीच नाही का सांगून गेलात, बहिणीकडे जातेय म्हणून?”) आधी मला वाटलं तू टोमणा मारतेयस. टोमण्याच्या बाबतीत तू माझ्या खालोखाल आहेसच. पण मग भावोजी फोनवर आले, आणि भावोजी खोटं बोलत नाहीत. त्याला लागते ती कल्पनाशक्ती त्यांच्यापाशी नाही, हे मी तुझं लग्न ठरलं तेव्हाच सांगितलं होतं. ते म्हणाले, “ताई, तुम्ही आलात, फार बरं झालं. ही झोपायला लागली आहे आता.”

मग ऐकलं ते सगळं. मी आले. मी तुझी पांघरुणं काढून तीन पदरी घड्या घालून ठेवल्या, सिस्टर शिकवत तशा. भावोजींच्या चष्म्याचा सैल झालेला स्क्रू माझ्या केसातल्या पिनेने पिळला. तुमच्या दाराबाहेरच्या पाटीवरची शुद्धलेखनाची चूक पेनाने दुरुस्त केली. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही, मी आले असते तर हेच केलं असतं. पण चहात साखर घेतली? पत्ते खेळताना हरले आणि हसले? आणि मागच्या पायरीवर तुझ्याशेजारी बसून म्हटलं, “तूही बोललीस, मीही बोलले. जाऊ दे आता. चहा टाक”?

धाकटे, शपथेवर सांगते, हे मी म्हणाले नाही. इतक्या वर्षांचं भांडण, जे मी एकटीने जिवापाड सांभाळलं, रोज झाडून पुसून ठेवलं, ते मी एका कपावर सोडून दिलं असतं? मी किमान तीन दिवस घेतले असते.

दुसऱ्याच दिवशी तळघर गाठलं. सर्दी तशीच होती, साहेब तसाच होता. मी म्हटलं, माझ्या नावावर कोणी बाई परदेशी जाऊन आली. त्याने पडद्यावर पाहिलं. गेलात आणि परवा परतही आलात, म्हणाला, दोन्हीकडची फाटकं उघडली आहेत. मी म्हटलं, मी घरी होते. तो म्हणाला, “अहो, परत आलात म्हणून तर माझ्यासमोर बसलाय ना?”

आता मला सांग, आयुष्यभर मी काय केलं? दुसऱ्याच्या नावावर पेपर लिहायला आलेले तोतये पकडले. प्रवेशपत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा, फोटो आणि चेहरा, साठ वर्षांची होईपर्यंत. माणूस दाढी वाढवतो, चष्मा लावतो, रडून चेहरा सुजवून येतो. कान काही करत नाहीत. मी कान बघायची. या हातांनी किती पोरांच्या पाठीत धपाटा घालून घरी पाठवलंय. म्हणून म्हटलं, दाखवा फोटो, जाताना फाटकाने काढला असेल ना? त्याने पडदा माझ्याकडे वळवला.

डावा कान बघितला. पाळी चिरलेली. पाळण्यात असताना तू माझं कानातलं हिसडलंस, तेव्हाची. अगदी तेवढीच, तशीच, खालून वर. कान माझेच होते, धाकटे. शालही माझी होती. फक्त ती बाई हसत होती. कोणी तिला घ्यायला यायचंय आणि तो माणूस तिला गर्दीत दिसलाय, असं हसत होती. मी ते तोंड बघत बसले. आपल्या तोंडाला तेही करता येतं, हे मला माहीत नव्हतं.

मी साहेबाला म्हटलं, रद्द करा. तो म्हणाला, रद्द करायला कार्डधारकाला स्वतः यावं लागतं.

“मी आलेय.”

“त्या आल्या की बघू.”

निघाले तर वर पायऱ्यांच्या तोंडाशी काचेचं फाटक. विश्वासू लोकांना बघून ते उघडतं. मी समोर उभी राहिले, लाल दिवा लागला आणि पाटीवर अक्षरं उमटली: आपण बाहेर गेला आहात. मी म्हटलं, मी आत आहे. (हो, मी फाटकाशी बोलले. त्या क्षणी बोलायला दुसरं कोणी नव्हतं.) काचेतून पलीकडे रस्ता दिसत होता, लोक जात होते, एका बाईने काचेत बघून केस सारखे केले. माझ्या तोंडासमोर वीतभरावर, आणि माझ्यावर नजर ठरली नाही तिची. मी काचेवर थाप मारली. ती तिच्या बाजूने फुंकर मारून काच पुसून निघून गेली.

शेवटी साहेबाने बाजूच्या दाराने काढून दिलं. ते दार साध्या लोकांच्या हॉलमध्ये उघडतं, म्हणजे ज्यांच्यावर विश्वास नाही त्यांच्या. काय सांगू तुला. ही रांग. पोरं रडतायत, कोणी बॅगेवर बसून डबा खातंय, दोन म्हातारे जागेवरून भांडतायत, आणि पार टोकाला काउंटरमागे एक पोलादी चेहऱ्याची बाई. येणाऱ्या प्रत्येकाला म्हणते, टोपी काढा, इकडे बघा. बाहेर जायची वाट तिच्याच पुढून होती. मी रांगेत शिरले. पुढे घुसायचा प्रयत्न केला, हे तुझ्या माहितीसाठी सांगते. नाही घुसता येत. कोणी हलत नाही. पायाखालची फरशी पाठ होते. तासन् तास त्या फरशीकडे बघताना काय काय मनात येत असेल, विशेषतः पलीकडे कोणाचं तरी काहीतरी चाललेलं असेल तर, याचा मी विचार केला. त्यावर सध्या एवढंच.

माझा नंबर आला. “मावशी, चष्मा काढा.” काढला. तिने माझ्याकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे, कानाकडे (हुशार आहे पोरगी), आणि म्हणाली, “हं. तुम्हीच.” शिक्का आपटला. मी बाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिले आणि, हे कोणाला सांगू नकोस, मला हुंदका आला.

तेव्हा योजना घेण्यासारखी आहे का, हे तू विचारलं होतंस (म्हणजे टाचणीने विचारलं होतं), त्याचं हे उत्तर. वेळ वाचतो, यात वाद नाही. इतका वाचतो की तुझ्या आधी तूच पोहोचतेस, तुझं काम करून येतेस, आणि तू दुधाचं भांडं घेऊन घरी उभी. ज्याला नुसतं पोहोचायचंय त्याने खुशाल घ्यावं. ज्याला भेटायचंय त्याने रांगेत उभं राहावं आणि कोणीतरी आपलं तोंड बघून ‘तुम्हीच’ म्हणेपर्यंत हलू नये. मी साधं तिकीट काढलं आहे, पुढच्या महिन्याचं. तिकीटवाला हळहळला.

भावोजींना नमस्कार. चष्म्याचा स्क्रू पुन्हा सैल होईल, तेव्हा हात लावू नका म्हणावं, मी येतेय. आपली तब्येत सांभाळ.

तुझी (आणि हे मी जबाबदारीने लिहिते आहे),
ताई

ता. क. शाल पोस्टाने पाठवू नकोस. तिथेच राहू दे. मला यायला काहीतरी निमित्त हवं. धोब्याची मी समजूत घातली आहे, पण तो आता माझ्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो.

ता. क. २. आता खरं काम. भावोजी म्हणाले, मागच्या पायरीवर तूही रडलीस आणि म्हणालीस, “ताई, चुकलं माझं.” धाकटे, ती माफी माझी होती. इतकी वर्षं मी तिची वाट बघितली, आणि ती भलतीनेच सही करून सोडवून घेतली. मी आले की ती पुन्हा मागायची, पहिल्यापासून, काही न गाळता. त्या बाईने तुला माझ्या वतीने काय दिलं ते मी मोडत नाही. दिलं ते दिलं. आता मागे घेतलं तर उगाच दोन ताया आणि दोन मतं व्हायची. पण माझ्यासमोर रडताना चहा आधीच टाकून ठेव. बिनसाखरेचा.

ता. क. ३. दारात येणारी मी आहे की ती, हे तू ओळखणार कसं, याचा विचार केला. कानाचा उपयोग नाही. अक्षराचाही भरवसा वाटेनासा झालाय. तर ही खूण. आई शेवटी काय म्हणाली, ते त्या बाईने तुला सांगितलं नाही, मी भावोजींना विचारून घेतलं. ते यंत्राला मिळालेलं नाही, कारण ते मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. तुलाही सांगायचं राहून गेलं होतं. (राहून गेलं, असं मी लिहिलंय, तू तसंच वाच.) मी दाराची कडी लावत होते, तर आई म्हणाली, “कडी नको लावूस गं. धाकटी यायची आहे अजून.” एवढंच. मी लावली होती. म्हणून तुला बेल वाजवावी लागली.

ता. क. ४. खिडकीशी बसून पाकीट चिकटवायला घेतलं आणि शेजारीण खालून ओरडली, “अहो, आत्ता तर तुम्ही कोपऱ्यावर बॅग घेऊन येत होतात, इतक्यात वर कशा पोहोचलात?” परवा विमानतळावरून निघालेली बाई दिसते आज पोहोचतेय. चालतच आली असेल, मीही रिक्षावाल्याशी भावावरून भांडून चालतच आले असते. भर दुपार आहे, पण आमचा जिना अंधाराच. त्यातला दिवा आत्ता लागलाय, दाराखालच्या फटीतून उजेड आत आलाय. मांजर माझ्या पायाशी झोपलं आहे.

मी कडी काढून ठेवली आहे.